वकिली, ग्रहगणित आणि विनोद

मराठी विनोदी लेखाचा जन्म पुण्याच्या एखाद्या वाड्यात किंवा मुंबईच्या एखाद्या छापखान्यात झाला असावा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्याची जडणघडण झाली ती वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांत, दिवाणी-फौजदारी कज्ज्यांच्या गर्दीत आणि एका वकिलाच्या लेखणीतून. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्या वकिलाचे नाव. अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद या गावांत त्यांनी वकिली केली. यांपैकी खामगाव आणि जळगाव जामोद ही दोन्ही आज बुलढाणा जिल्ह्यात आहेत. ‘महाराष्ट्रगीता’चे कवी, ‘सुदाम्याचे पोहे’चे लेखक, ‘मूकनायक’चे नाटककार, साक्षेपी समीक्षक आणि भारतीय ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिणारे अभ्यासक अशी त्यांची अनेक रूपे. कायदा, रंगभूमी, संगीत, गणित आणि समाजसुधारणा एवढ्या क्षेत्रांत वावरलेल्या या माणसाने कोणत्याही विद्यापीठात अध्यापन केले नाही. त्यांची विद्वत्ता बहरली ती कचेरीतून घरी परतल्यावरच्या वेळात.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी झाला. शालेय शिक्षण अकोल्यास झाले आणि १८८८ च्या सुमारास मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. वऱ्हाडच्या मुलाला त्या काळी उच्च शिक्षणासाठी घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघायला १९२३ साल उजाडावे लागले आणि नागपूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. म्हणजे कोल्हटकर विद्यार्थी होते तेव्हा साऱ्या वऱ्हाडात एकही महाविद्यालय नव्हते. १८९१ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८९७ मध्ये त्यांनी एलएल. बी. ही पदवी मिळवली.

पुण्यातील त्यांच्या वास्तव्याचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांचा ‘सुधारक’ सुरू झाला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून ग्रामण्य माजले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुण्याचे दोन तट पडले. एकीकडे आगरकरांचा निखळ बुद्धिवाद आणि दुसरीकडे धर्मशास्त्राच्या आधाराने चालणारा प्रतिवाद, अशा धुमश्चक्रीत विशीतला हा विद्यार्थी वाढत होता. रूढी कितीही जुनी असली तरी तिला आपले समर्थन करता आले पाहिजे, हा आगरकरी आग्रह त्यांच्या मनात रुजला तो आयुष्यभरासाठी. मात्र आगरकरांची तळपती तलवार त्यांनी उचलली नाही. त्याच लढाईसाठी त्यांनी वेगळे शस्त्र शोधले. पण ते हाती यायला अजून दहा वर्षे जायची होती.

लेखक म्हणून त्यांची पहिली ओळख झाली ती टीकाकाराची. ‘विक्रमशशिकला’ या नाटकावर त्यांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या परीक्षणाने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. नाटकाचे कथानक, पात्रांची स्वभावसंगती, प्रसंगांची संभाव्यता यांची एकेक करून उलटतपासणी घेणारे हे लेखन होते. ग्रंथपरीक्षण म्हणजे स्तुती किंवा निंदा, असा प्रघात असलेल्या काळात पुरावा मांडून निष्कर्षाकडे जाणारी ही रीत नवी होती. लेखक अद्याप वकील झालेला नव्हता, परंतु वकिली बुद्धी मात्र जागी झालेली दिसते.

दुसऱ्याच्या नाटकाची चिकित्सा करणाऱ्याने स्वतः नाटक लिहून दाखवावे, अशी अपेक्षा असतेच. कोल्हटकरांनी ती तीन वर्षांत पुरी केली. १८९६ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत रंगभूमीचा पाया घातला होता आणि १८८२ च्या ‘सौभद्र’ने तिला घराघरात नेले होते. परंतु ही नाटके पुराणकथांवर किंवा संस्कृत नाटकांवर उभी होती. कोल्हटकरांनी पुराणांचा आधार सोडला आणि सर्वस्वी कल्पित कथानक रचले. शेक्सपिअर आणि मोलिएर यांच्या वाचनातून आलेली वेषांतरे, गैरसमज, उपकथानके आणि चमकदार संवाद त्यांनी मराठी रंगमंचावर आणले. प्रेक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी पुढे काय होणार, ही उत्कंठा त्यांनी निर्माण केली.

त्याहून मोठा बदल झाला तो संगीतात. किर्लोस्करी पदांना कीर्तनातल्या, लावणीतल्या, साकी-दिंडीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली असत. त्या मराठी कानांच्या ओळखीच्या होत्या आणि म्हणूनच त्यांचा गोडवा टिकून होता. कोल्हटकरांचा कान मात्र दुसरीकडे लागलेला होता. पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या उडत्या, लयदार चाली आणि हिंदुस्थानी गायकीतल्या चिजा त्यांना मोहवीत. त्या चालींवर मराठी शब्द बेतून त्यांनी नाट्यपदाला वेगळाच बाज दिला. जुन्या रसिकांना तो परका वाटला, तरुणांना तो हवाहवासा वाटला. पुढे १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि रागदारी संगीत रंगभूमीवर स्थिरावले. ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ या दोन टोकांमधला पूल बांधण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत कोल्हटकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

या पुलाची एक उणीवही होती. आधी चाल आणि मग शब्द, असा क्रम असला की शब्दांना चालीच्या मापात बसवावे लागते. मात्रांचा हिशेब जुळतो, पण अर्थ आक्रसतो. कोल्हटकरांची अनेक पदे वाचताना कोडे सोडवल्यासारखे वाटते ते यामुळे. गणिताची आवड असलेल्या कवीला हा खेळ रुचला असावा. श्रोत्याला मात्र प्रत्येक वेळी तो झेपत नसे.

वकील झाल्यावर ते वऱ्हाडात परतले. त्या काळातले वऱ्हाड समजून घेतल्याशिवाय कोल्हटकरांचे लेखन पुरते कळत नाही. १८५३ पासून हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. खामगाव ही कापसाची नामांकित पेठ होती. केवळ कापसाच्या वाहतुकीसाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. पैसा आला तशी गहाणखते, सावकारी, वारसाहक्काचे तंटे आणि जमिनीचे कज्जेही आले. खामगाव आणि जळगाव हे तालुके आधी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाणा जिल्ह्याला जोडले गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले जळगाव जामोद हे गाव रेल्वेच्या मुख्य रस्त्यापासून दूर, साहित्याच्या राजधान्यांपासून त्याहूनही दूर.

तालुक्याच्या कोर्टात वकिलाला माणसाचे जे दर्शन घडते ते पुण्याच्या सभांत घडत नाही. देवाची शपथ घेऊन खोटे सांगणारा साक्षीदार, पाठ केलेली जबानी उलटतपासणीत विसरणारा पक्षकार, धर्माचा दाखला देत भावाचा वाटा गिळंकृत करणारा प्रतिष्ठित गृहस्थ, हे सारे त्या आवारात रोज भेटतात. कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक होते ‘साक्षीदार’. मराठीतील विनोदी लेखाची परंपरा जिथून सुरू होते असे मानले जाते, त्या लेखाचा विषय कोर्टातील साक्षीचा असावा, यातच त्या परंपरेचे उगमस्थान स्पष्ट होते.

त्यानंतर लेखांमागून लेख येत गेले. १९१० मध्ये त्यांतील अठरा लेखांचा संग्रह ‘सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने निघाला. लेखांची संख्या बत्तीस झाल्यावर १९२३ मध्ये त्याचीच वाढीव आवृत्ती ‘साहित्यबत्तिशी’ म्हणून आली. सुदामा हा निवेदक आणि बंडूनाना व पांडूतात्या हे त्याचे सोबती. हे तिघेही सनातनी वळणाचे, रूढींवर श्रद्धा असलेले, बोलघेवडे आणि भाबडे. सण-उत्सव, लग्नकार्ये, सोवळे-ओवळे, शकुन-अपशकुन, सभा-संमेलने अशा प्रत्येक विषयावर त्यांना मत असते आणि ते मत रूढीच्या बाजूचे असते.

कोल्हटकरांच्या विनोदाची खरी युक्ती इथेच आहे. सुधारकाने रूढीवर हल्ला केला की रूढीचे अभिमानी एकवटतात. कोल्हटकरांनी हल्ला केलाच नाही. त्यांनी रूढीला वकील मिळवून दिला आणि तो वकील म्हणजे सुदामा. तो आपल्या पक्षकाराची बाजू अशा उत्साहाने मांडतो, असे पुरावे देतो आणि तर्काची गाडी अशा टोकापर्यंत नेतो की खटला आपोआप कोसळतो. वाचक आधी हसतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की आपणही कालपर्यंत याच युक्तिवादाने आपल्या घरातल्या रूढीचे समर्थन करीत होतो. समोरच्या पक्षाचा साक्षीदार त्याच्याच तोंडून खोटा ठरवणे, हे उलटतपासणीचे तंत्र. कोल्हटकरांनी ते न्यायालयातून साहित्यात आणले.

कोल्हटकरांच्या आधी मराठीत विनोद नव्हता असे नाही. संतांच्या अभंगांत उपरोध आहे, लावणी-तमाशात चेष्टा आहे, फार्सात धमाल आहे. परंतु गंभीर सामाजिक विचार हसत हसत मांडणारा स्वतंत्र लेख, त्याला साजेशी शैली आणि पुन्हा पुन्हा भेटणारी पात्रे ही त्यांची देणगी. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने विनोदी लेखन केले ते याच वाटेवरून. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हेही या वंशातले. गडकरी कोल्हटकरांना उघडपणे गुरू मानत. तरुण वि. स. खांडेकरांवरही त्यांची गाढ छाया होती. गुरूने लिहिलेल्या ‘महाराष्ट्रगीता’नंतर शिष्यानेही महाराष्ट्राची थोरवी गाणारे गीत लिहावे आणि दोन्ही गीते मराठी माणसाने जपून ठेवावीत, हा योग मोठा सुंदर आहे.

नाटकांतही समाजसुधारणेचा धागा अखंड राहिला. १९०१ च्या ‘मूकनायक’मध्ये मुक्याचे सोंग घेणाऱ्या नायकाची गमतीदार कथा आहे आणि तिच्या आडून मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवले आहेत. १९०३ च्या ‘गुप्तमंजूषा’मध्ये स्त्रीशिक्षणाचा प्रश्न आहे. १९०७ च्या ‘मतिविकार’मध्ये विधवाविवाहाचा पुरस्कार आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात स्त्रीशिक्षणाच्या या विषयाला एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो. बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषी दंभाचा बुरखा फाडला होता. त्यांचा आवाज संतप्त होता आणि समाजाने तो दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवला. दोन दशकांनंतर तेच प्रश्न कोल्हटकरांनी नाट्यगृहात, गाण्यांच्या आणि हशाच्या सोबतीने मांडले तेव्हा ते ऐकून घेतले गेले. कोणाचे म्हणणे कोणत्या रूपात ऐकून घेतले जाते, याचा हा बोलका दाखला म्हणावा लागेल.

कोल्हटकरांच्या व्यासंगाचे सर्वांत अनपेक्षित दालन म्हणजे ग्रहगणित. ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या नाटकांच्या आणि विनोदी लेखांच्या शेजारी ठेवला तर दोन वेगळ्या लेखकांचे लेखन वाटावे. पण तो काळ पंचांगशुद्धीच्या वादाचा होता. गणेश दैवज्ञाच्या सोळाव्या शतकातील ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून बहुतेक पंचांगे तयार होत. त्यातील सूक्ष्म चुका शतकानुशतके साठत गेल्याने पंचांगात लिहिलेली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी ग्रहस्थिती यांत तफावत पडू लागली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून दृक्प्रत्ययाला जुळणारे पंचांग काढून या वादाला तोंड फोडले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषाचा साक्षेपी इतिहास लिहिला आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्या गणिताची साधने उपलब्ध करून दिली.

वरवर पाहता हा पंचांगकर्त्यांचा आपसांतील वाद. मूळ प्रश्न मात्र तोच होता, जो पुण्याच्या सुधारकांना आणि तालुक्याच्या न्यायाधीशाला रोज पडे. जुन्या ग्रंथातले वचन आणि डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती यांत विरोध आला तर प्रमाण कोणते मानायचे? ग्रंथात चंद्र एका ठिकाणी असेल आणि आकाशात दुसऱ्या ठिकाणी, तर कोणाची साक्ष ग्राह्य धरायची? कोल्हटकरांच्या साऱ्या लेखनातून या प्रश्नाचे एकच उत्तर मिळते. पुरावा प्रत्यक्षाचा. नाटक तपासताना, रूढी तपासताना आणि ग्रहगती तपासताना त्यांच्या हातातली फूटपट्टी बदलत नाही. म्हणूनच त्यांची ही नाना क्षेत्रे विखुरलेली वाटत नाहीत. एकाच चिकित्सक बुद्धीने निरनिराळ्या दालनांत केलेला तो संचार होता.

अशा बुद्धीची किंमतही मोजावी लागते आणि कोल्हटकरांनी ती नाटककार म्हणून मोजली. त्यांच्या नाटकांची कथानके उत्तरोत्तर गुंतागुंतीची होत गेली. एक वेषांतर पुरेना म्हणून दुसरे, एक योगायोग थिटा पडला म्हणून तिसरा, अशी रचना वाढत गेली. राजा असो की हुजऱ्या, प्रत्येक पात्र कोल्हटकरांसारखेच कोटिबाज बोलू लागले. बुद्धीला चमत्कृती मिळाली, पण हृदयाला हात घातला गेला नाही. ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’, ‘सहचारिणी’, ‘जन्मरहस्य’ अशी एकामागून एक नाटके त्यांनी लिहिली. परंतु ‘वीरतनय’ आणि ‘मूकनायक’ यांना मिळालेले यश पुढे त्यांच्यापासून दूर जात राहिले. दरम्यान खाडिलकरांच्या नाटकांनी रंगभूमी व्यापली आणि नंतर गडकऱ्यांनी तर प्रेक्षकांना वेडच लावले.

मद्यपानाचा विषय इथे तुलनेसाठी घेता येईल. गुरूने ‘मूकनायक’मध्ये तो राजवाड्यातील कल्पित कथेतून मांडला. शिष्याने ‘एकच प्याला’मध्ये तो मध्यमवर्गीय घरात आणला आणि सुधाकर-सिंधूच्या संसाराची राखरांगोळी प्रेक्षकांना डोळ्यांदेखत दाखवली. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर. शिष्याचे नाटक अजरामर झाले, गुरूचे नाटक इतिहासात जमा झाले. तरीही गडकऱ्यांच्या संवादांतील झळाळी, कल्पनांची आतषबाजी आणि गंभीर नाटकात विनोदी प्रवेश गुंफण्याची रीत कोणाच्या शाळेत घडली, हे नाट्येतिहासाचा अभ्यासक विसरू शकत नाही.

नाटकांखेरीज त्यांनी ‘दुटप्पी की दुहेरी’ आणि ‘श्यामसुंदर’ या कादंबऱ्या लिहिल्या, कविता लिहिल्या, प्रदीर्घ परीक्षणे लिहिली. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या महाराष्ट्र साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या शहरात ते कधी काळी वऱ्हाडातून शिकायला आले होते, त्याच शहराने सुमारे एकोणचाळीस वर्षांनी त्यांना साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसवले. प्राध्यापकपद नाही, संपादकपद नाही, नाटक कंपनीची मालकी नाही. तरीही मराठी साहित्याने हा मान एका मुफस्सल वकिलाला दिला, ही त्या काळच्या वाङ्मयीन जीवनाची श्रीमंती होती.

१ जून १९३४ रोजी कोल्हटकरांचे निधन झाले. वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण व्हायला चार आठवडे उरले होते. त्यांचे ‘आत्मवृत्त’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

बुलढाणा जिल्ह्याने त्यांच्यानंतरही वकिली, साहित्य आणि संगीत यांचा संगम पाहिला. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात गाऊन ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताचे युग सुरू झाले. नाट्यपदाला नवी चाल देणारा एक वकील आणि भावगीताला शब्द देणारा दुसरा वकील, एकाच जिल्ह्यातल्या दोन टोकांच्या तालुक्यांतले. साहित्याचे केंद्र शहरात असते, या समजुतीला हा जिल्हा असा दोनदा छेद देऊन गेला आहे.

आज कोल्हटकरांची नाटके रंगभूमीवर येत नाहीत आणि त्यांचे ज्योतिर्गणित अभ्यासकांपुरते उरले आहे. ‘महाराष्ट्रगीत’ मात्र शाळांतून, समारंभांतून गायले जाते. गाणाऱ्यांपैकी किती जणांना कवीचे नाव ठाऊक असते हा भाग निराळा. ‘सुदाम्याचे पोहे’मधली भाषा आता जुनी वाटते, काही संदर्भ टिपांशिवाय कळत नाहीत. पण रूढीचे समर्थन करणारे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या काही नाहीसे झालेले नाहीत. त्यांचे पोशाख बदलले, व्यासपीठे बदलली, युक्तिवाद मात्र बरेचसे तेच राहिले. त्यांना बोलू द्यावे, अगदी शेवटपर्यंत बोलू द्यावे आणि निकाल वाचकांवर सोपवावा, ही जळगाव जामोदच्या वकिलाने शिकवलेली उलटतपासणी आजही तितकीच उपयोगी पडणारी आहे.